झुलत्या पानावरचे काकासाहेब

मोकाशींनी खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली आणि थेट माझ्या मॉनिटरच्या काचेला लावली.

"वरून साडेसहा इंच," ते म्हणाले. "साहेबांचा माथा बरोबर इथं आला पाहिजे. लिहून घे."

"मोकाशीसाहेब, हा फ्लेक्स नाही, वेबसाइट आहे," मी म्हटलं. "हा स्क्रीन केवढा, तुमच्या मोबाइलचा केवढा. इंच कुठले धरायचे?"

"इंच ते इंच. साहेब मुंबईला गेले म्हणून काय त्यांची उंची कमी होती का?"

मोकाशी म्हणजे काकासाहेबांचे पी. ए. आणि काकासाहेब म्हणजे शिखरेश्वर शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. माणदेशातल्या आमच्या त्या तालुक्यात शाळा, कॉलेज, मुलींचं वसतिगृह, जे जे काही दगडाविटांचं उभं होतं ते बहुतेक त्यांच्या संस्थेचं. मी धनपालअण्णांच्या 'पद्मावती डिजिटल'मध्ये कामाला होते. सांगलीला बीसीए करून गावी परत आलेली मी एकटीच, त्यामुळे वेबसाइटचं काम आलं की अण्णा माझ्याकडे बोट दाखवायचे. बाकी दुकानाचं पोट फ्लेक्सवर चालायचं. वाढदिवस, निवड, हार्दिक अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली.

फ्लेक्स ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. कुणाचा फोटो मधे, कुणाचा कडेला, कुणाचं डोकं कुणाच्या डोक्याच्या वर, यावरून भाऊबंदकी पेटलेली मी पाहिली आहे. एकदा उपाध्यक्षांचा फेटा काकासाहेबांच्या कानाच्या वर गेला, तर अण्णांना भर बाजाराच्या दिवशी चौकातला अख्खा फ्लेक्स उतरवावा लागला. ही सगळी मापं मोकाशींच्या पट्टीवर होती. फ्लेक्सवर फोटो एकदा बसवला, खांबांना बांधला, की तो हलत नाही. वेबसाइटही तशीच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"आणि दुसरं," ते पट्टी खिशात घालत म्हणाले, "साहेबांचा तो हात जोडलेला फोटो. गेल्या वर्षी होता तसाच पाहिजे. बघणारा वर जाऊ दे नाही तर खाली जाऊ दे, साहेब जागचे हलता कामा नयेत."

नेमकं हेच मला नको होतं.

कारण गेल्या वर्षीची वेबसाइट मी पाहिली होती. ती आम्ही केली नव्हती, बाहेरून कुणीतरी करून दिली होती. वसतिगृहाच्या अर्जाच्या पानावर काकासाहेब हात जोडून स्क्रीनच्या तळाशी उभे, आणि मोठ्या स्क्रीनवर ते शोभून दिसायचे. मोबाइलवर मात्र निम्मा स्क्रीन त्यांचाच. अर्ज भरत भरत खाली यावं, तर सगळ्यात शेवटचं 'दाखल करा' हे बटण त्यांच्या जोडलेल्या हातांच्या मागे. बटण समजून दाबलं की हात दाबले जायचे, आणि हात दाबले की काकासाहेबांचा जीवनपट उघडायचा. भरलेलं सगळं पुसलं जायचं ते वेगळंच.

हे मला चांगुणाकडून कळलं. चांगुणा गडदे, गडदेवस्तीवरची. माझी आई त्या वस्तीवर अंगणवाडी चालवायची, चांगुणाला तिनेच पाटीवर अक्षर गिरवायला लावलेलं. दहावीला तिला शाळेत सगळ्यांत जास्त मार्क होते. वस्तीपासून कॉलेज लांब, एसटी दिवसातून एखादी, त्यामुळे वसतिगृह मिळालं तरच अकरावी. बापाचा मोबाइल घेऊन ती दिवसभर माळावर बसली आणि दिवसभर काकासाहेबांचा जीवनपट वाचत राहिली. मुदत संपली. मग वर्षभर मेंढरांमागे. यंदा जमलं तर ठीक, नाही तर माघात लग्न, असं तिच्या चुलत्याने सांगून टाकलं होतं.

"अर्जाच्या पानावर तरी तो फोटो नको," मी मोकाशींना म्हटलं. "पोरींना बटण दिसत नाही."

"अर्जाच्याच पानावर पाहिजे," ते म्हणाले. "बाकीची पानं कोण बघतंय?"

ते चहाला बाहेर पडल्यावर अण्णांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट होता.

"प्रज्वला, साहेब हलू द्यायचे नाहीत, हे फिक्स-बिक्स काय भानगड आहे, मला जरा समजून सांग. उद्या मला विचारलं तर?"

"पंगत बसलीय असं समजा," मी म्हटलं. "जो तो आपापल्या पानापुढं, एकाला लागून एक. काही सांगितलं नाही तर वेबसाइटवर सगळं असंच बसतं. त्याला म्हणायचं स्टॅटिक. आता एखादा जरा कडेला कलंडला, पण त्याची जागा त्याचीच राहिली, शेजारचा आत सरकला नाही. हे रिलेटिव्ह. आणि अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे उठलाच पंगतीतनं. त्याची जागा भरून निघाली, आणि हा मांडवाच्या खांबापासनं मोजून चार हातांवर उभा. कुणाच्या पानात पाय पडतोय याची त्याला फिकीर नाही."

"आणि साहेब?"

"साहेब फिक्स्ड. बायका आरशाला टिकली चिकटवतात बघा, तसे. आरशात कुणीही बघू दे, पुढं होऊ दे, मागं होऊ दे, टिकली आहे तिथंच. आणि येते ती नेमकी नाकावर."

अण्णा हसले. मग दाराकडे बघून हसू आवरलं. "राहू दे की मग टिकली. आपल्या बापाचं काय जातंय?"

"चांगुणाचं वर्ष गेलं."

"ती कोण?"

मी सांगितलं. अण्णा उठून फ्लेक्सच्या मशीनवर गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अशी की दिवसभर उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी खुद्द रणधीरदादा दुकानात आले. काकासाहेबांचे चिरंजीव, तालुक्याचे युवा नेते. चाळिशी उलटली तरी आमच्याकडे युवा नेते युवाच असतात. मागे मोकाशी, त्यांच्या मागे आणखी दोघं, ज्यांचं काम फक्त मागे उभं राहणं. दादांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पुण्याच्या कुणा मित्राची लग्नपत्रिका होती. उघडली की अख्खी पत्रिका वाऱ्यावरच्या तोरणासारखी दोन हेलकावे घ्यायची आणि मग थांबायची.

"असं पाहिजे," दादा म्हणाले. "पान उघडलं की झुललं पाहिजे."

"अख्खं पान?"

"अख्खं. त्यातल्या सगळ्यांसकट. पप्पासुद्धा झुलले पाहिजेत. नाही तर ते वेगळे आणि पान वेगळं असं दिसतंय."

मी लगेच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "दादा, झुला लावला तर काकासाहेब थांबणार नाहीत."

कालची टिकली मी आज त्यांना सांगितली. म्हटलं, आरसा भिंतीवर असला तर टिकली जागेवर राहते. आरसा कपाटाच्या दारावर असला तर दार जाईल तिकडे टिकली जाते. पान झुलवायचं तर त्याला मला एक चौकट घालावी लागते. चौकटीच्या आत बसलेला फिक्स्ड फोटो मग मोबाइलची काच ओळखत नाही, तो चौकटीलाच काच समजतो. पान सरकलं की साहेब सरकले. झुला थांबला तरी चौकट राहतेच.

"ही काय म्हणती?" दादांनी मोकाशींना विचारलं.

"काही नाही दादा. काम वाढलं की पोरं अशी कारणं सांगत्यात."

"दोन्ही करायचं. झुला पण पाहिजे आणि पप्पा पण थांबले पाहिजेत."

"दोन्ही एका वेळी होत नाही," मी म्हटलं.

दादा अण्णांकडे वळले. "अण्णा, होत नाही म्हणणारं दुकान आहे का तुमचं? तसं सांगा, इलेक्शनला दुसरीकडं बघू."

"होतं, दादा," अण्णा हात जोडून म्हणाले. "होतं की. का होणार नाही?"

बरं, म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे नंतर मला कुणी ऐकवायला नको. त्यांनी सांगितलं ते ते मी केलं. फोटोला फिक्स्ड लिहिलं. मोकाशींनी पट्टीने दिलेलं अंतर वरून जसंच्या तसं धरलं. अख्ख्या पानाला झुला लावला. आणि अर्जाचा पहिला रकाना सुरू होण्याआधी काकासाहेबांच्या उंचीएवढी मोकळी जागा सोडली. ते कुठे जाऊन बसणार हे मला माहीत होतं, आणि त्यांनी कुणाच्या पानात पाय देऊ नये एवढंच मला पाहायचं होतं.

मोकाशी तपासायला आले तेव्हा मोठ्या मॉनिटरवर पहिलं पान उघडून दिलं. पान झुललं, थांबलं. त्यांनी पट्टी लावली. इंचाला इंच बरोबर.

"बघ. होत नाही म्हणत होतीस."

"मोबाइलवर बघा. खाली सरकवून बघा."

"मोबाइलवर काय बघायचं? बारीक दिसणार, आणखी काय? आणि खाली सरकवून फ्लेक्स कधी बघितलाय का कुणी?"

दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला मी काही त्यांची आई नव्हते.

लोकार्पण कॉलेजच्या सभागृहात ठेवलं होतं. व्यासपीठावर काकासाहेब मधे, बाकीचे मापाने दोन्ही बाजूंना. मी आणि अण्णा खाली कडेला, लॅपटॉपपाशी. रणधीरदादांनी बटण दाबलं, पडद्यावर अख्खी शिखरेश्वर शिक्षण संस्था झुलली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांनी पडद्याकडे असं पाहिलं, जणू झुला त्यांनीच विणला होता.

मग भाषणं सुरू झाली. भाषणं सुरू झाली की काकासाहेब मोबाइल काढायचे, ही सगळ्या तालुक्याला ठाऊक असलेली सवय. त्यांनी वेबसाइट उघडली. मला खालून त्यांचा अंगठा दिसत होता. अंगठा वर गेला. त्यांनी मोबाइल जरा लांब धरला. अंगठा खाली आला. परत वर गेला. त्यांच्यासमोरचा माइक चालूच होता.

"मोकाशी," काकासाहेब म्हणाले, आणि ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं, "मी कुठं गेलो?"

कुणी हसलं नाही, पण हसू दाबल्याचा आवाज सभागृहभर फिरला. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं.

कार्यक्रम संपल्यावर आम्हाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. काकासाहेब खुर्चीत, रणधीरदादा खिडकीशी, मोकाशी दाराशी. प्राचार्य स्वतःच्याच खोलीबाहेर उभे.

"कुणी केलं हे?" काकासाहेबांनी विचारलं.

अण्णांनी जमिनीकडे पाहिलं.

"मी केलं," मी म्हटलं. "सांगितलं तसंच केलं. झुला लावला की तुम्ही थांबणार नाही, हे दादांना आणि मोकाशीसाहेबांना आधीच सांगितलं होतं."

"मग आता थांबव."

"झुला काढला की थांबाल. एका ओळीचं काम आहे." मी म्हटलं. "पण अर्जाची मुदत आहे तोवर ते मी करणार नाही."

मोकाशी पुढे आले. "कुणाशी बोलतीस कळतंय का?"

"बोलू दे," काकासाहेब म्हणाले. "का करणार नाहीस, पोरी?"

मी चांगुणाचं सांगितलं. हात दाबले की जीवनपट उघडायचा, अर्ज पुसला जायचा, दिवसभर ती तेच करत राहिली, हे सगळं. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जीवनपट वाचला का पण तिनं?"

"पाठ झाला असेल, साहेब. तेवढ्यात अकरावीचं वर्ष गेलं."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही. "हे बघ," ते म्हणाले, "वसतिगृह मी बांधलं. माळरान होतं तिथं. अर्ज भरताना त्या पोरींना मी दिसलो नाही, तर हे कुणी दिलं हे त्यांना कळायचं कसं?"

"वसतिगृहात पोचल्या तर कळेल की."

"जीभ फार चालतीया. फोटो खालीच पाहिजे. बोट तिथंच जातं माणसाचं."

"म्हणून तर तिथं बटण आहे, साहेब."

"म्हणून तर तिथं मी आहे," काकासाहेब म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "धनपाल, उद्यापासनं ही दुकानात दिसता कामा नये."

अण्णा मान खाली घालून उभे होते ते तसेच राहिले. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटलं. ते बोलले नाहीत.

"मी जाते," मी म्हटलं. "पण लपवून काही ठेवलेलं नाही, सगळ्यांसमोर परत सांगते. झुला काढा, साहेब थांबतील. कुणालाही बोलवा, कुणीही काढील."

"झुल्याला कुणी हात लावायचा नाही," खिडकीशी उभे असलेले रणधीरदादा म्हणाले.

काकासाहेबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने बापाकडे पाहिलं. आदल्या इलेक्शनला दादा वेगळा गट काढायला निघाले होते, आणि त्यांना परत घरात आणताना काकासाहेबांच्या नाकी नऊ आले होते, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मोकाशींनी खिशातली पट्टी नुसतीच चाचपली.

"झुला राहू दे," शेवटी काकासाहेब म्हणाले. "फोटो थांबवा. दुसरा माणूस बघा."

मी बाहेर पडले. कॉलेजच्या फाटकाशी थांबून मी पाणी प्यायले. नोकरी गेली होती. तालुक्यात दुसरी मिळणार नव्हती, कारण ज्यांनी ती द्यायची त्या सगळ्यांचे फोटो त्याच फ्लेक्सवर कडेला असायचे.

अण्णा दुसऱ्या दिवशी घरी आले. माझी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन.

"तू चुकली नाहीस," ते म्हणाले. "पण माझं पोट त्या फ्लेक्सवर आहे."

"पोटाला मी कधी नाही म्हटलं, अण्णा? तोंडाचं विचारत होते."

त्यांनी चहा घेतला नाही. जाताना उंबऱ्यात घुटमळले आणि म्हणाले, "सांगलीहून माणूस आणलाय."

त्या माणसाच्या हकिगती मग मला अण्णांच्याच फोनवरून कळत राहिल्या. बिचारा हुशार होता. पहिल्या तासातच त्याला चौकट सापडली. तो म्हणाला, झुला काढू या. मोकाशी म्हणाले, झुल्याचं नाव काढू नको. तो म्हणाला, मग साहेबांना झुल्याच्या बाहेर काढू या. मोकाशी म्हणाले, दादांना साहेब झुललेलेच पाहिजेत. तो म्हणाला, मग दादांना विचारा. मोकाशींनी विचारलं नाही. प्राचार्यांनी विचारलं नाही. खुद्द काकासाहेबांनीही विचारलं नाही. तो माणूस फिक्स्ड पुसून परत फिक्स्ड लिहायचा, त्याच्यापुढे आणखी जोर देणारे शब्द लिहायचा, आणि काकासाहेब आपले झुलायचे, थांबायचे, आणि अंगठा लागला की पानाबरोबर वर निघून जायचे. मुदत संपेपर्यंत हेच चाललं. एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ खोडायची कुणी, हा प्रश्न मोठा होता.

आज माझा स्वतःचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, तालुक्याच्या त्याच गावात, कॉलेजच्या फाटकासमोर. वेबसाइटवर कोण कुठे बसणार, म्हणजे पोझिशन, हे शिकवायची वेळ आली की मी पंगत सांगते, टिकली सांगते, कपाटाचं दार सांगते. पोरं वहीत उतरवून घेतात. पुढची गोष्ट मी सांगत नाही. ती ज्याची त्याला कधी ना कधी कळतेच.

त्या वर्षी मुदतीच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी मला फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता आणि मागे मेंढरं ओरडत होती. गडदेवस्तीला रेंज नाही, टेकाडावर चढलं तरच लागते.

"ताई, भरला ओ अर्ज," चांगुणा म्हणाली. धावत चढून आल्यासारखी धापा टाकत होती. "अर्जाचा नंबर पण आला स्क्रीनवर."

"बटण दाबलं गेलं?"

"एका दमात." मग म्हणाली, "त्यो आजोबांचा फोटो होता की सुरवातीला, हात जोडून. म्हटलं, यंदाबी आडवं येणार. पण मी पान वर सारलं, तसं ते आपण होऊन बाजूला झालं. चांगलं हायती ओ ते."

"आपण होऊन कुणी बाजूला होत नसतं, चांगुणा," मी म्हटलं.